हावोदचा मधला आवाज

नाताळच्या पहाटे कुमहेलिग खोऱ्यातल्या चर्चमध्ये प्लगाइन असते, घराघरानं आपापली गाणी म्हणायची, पण कुणाचं नाव पुकारत नाहीत. पाद्री प्रार्थना आटोपतो, "आता प्लगाइन तुमची," एवढंच म्हणतो आणि खाली बसतो. मग अंधारात कुठंतरी बाक करकरतं. दोघं-तिघं उठतात, मेणबत्त्यांच्या उजेडातून पुढं चालत येतात. एकजण सुराचा काटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेतो, हळूच सूर देतो, आणि नाताळचं गाणं सुरू होतं. साथीला पेटी नाही, बाजा नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत. आले तसे परत जातात. त्यांच्या बुटांचा आवाज विरला की दुसरीकडं बाक करकरतं.

मेरेरिदनं हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते. एका बाजूला तिचे बाबा मेलिर, दुसऱ्या बाजूला एलुनेदआत्या. तिघांनी मिळून गायचं होतं. शब्द जुने होते, आत्याच्या आजीकडून आलेले. चाल मात्र नवी, मेरेरिदनं स्वतः बांधलेली.

"पाय हलवू नकोस," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "बाक गदगदतंय. लोकांना वाटेल, मीच कुडकुडतेय."

"भीती वाटतेय मला."

"कार्डिफात अख्खा वाद्यवृंद तुझं संगीत वाजवणार, त्याची नाही वाटत. या दमेकरी म्हाताऱ्यांची वाटते होय?"

"कार्डिफातल्या लोकांनी मला शेंबडी पाहिलेली नाही, आत्या."

बाबा गालात हसले. पण त्यांचीही बोटं टोपीच्या काठावरून फिरत होती, फिरत होती.

कार्डिफच्या संगीत विद्यालयातून बाहेर पडल्यापासून मेरेरिद लोकांच्या मुलांना पियानो शिकवून पोट भरत होती आणि उरल्या वेळात लिहीत होती. लिहिलेलं स्पर्धांना पाठवत होती, वाद्यवृंदांना पाठवत होती. परत येताना प्रत्येकावर एकाच अर्थाचा शेरा असायचा. हात तयार आहे, आवाज स्वतःचा नाही. हे वाचून वाचून ती इतकी खचली होती, की रस्त्यात कुणी नुसतं "काय लिहितेस सध्या?" म्हटलं तरी ती दुकानाच्या काचेत बघायला लागायची. आणि मग गेल्या उन्हाळ्यात, भाड्याच्या खोलीत भांडी घासताना, नळ चालू असताना, ही चाल आली. ओळीमागून ओळ, न अडखळता, कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं तशी. ओल्या हातांनीच तिनं ती उतरवली. तिच्याभोवती सगळ्या वाद्यवृंदासाठी रचना बांधली. आधी एकटी व्हायोला ती चाल धरते, मग हॉर्न ती उचलून डोंगरावर नेतो. वाद्यवृंदाचा संचालक प्रॉसर याच्या हाती ती रचना पडली आणि नव्या संगीतकारांच्या मैफिलीसाठी त्यानं तीच निवडली. जानेवारीअखेर, रेडिओवरून थेट. तो फोनवर म्हणाला होता, "अखेर तुला तुझा आवाज सापडला."

घरी येऊन तिनं ती चाल बाबांना आणि आत्याला शिकवली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तोंडात बसते गं ही. जणू पहिल्यापासूनच येत होती." ते वाक्य तिनं कितीतरी दिवस उबेसारखं अंगाशी धरलं होतं.

पुढच्या बाकावर हावोदचे दोघं बसले होते. हावोद-वेन म्हणजे डोंगरावरचं शेवटचं घर. त्याच्यापुढं फक्त मेंढरं आणि वारा. तिथं तीन भाऊ. थोरला एद्रिद वरच्या सुरात गायचा, धाकटा तिदिर खर्जात, आणि मधला योरवर्थ मधल्या आवाजात. मेंढ्या वितात त्या दिवसांत योरवर्थ गेला. आज उरलेले दोघं आत आले तेव्हा साऱ्या माना वळल्या होत्या. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडून ते बसले होते.

"दोघांत काय म्हणणार?" मागच्या बाकावर गिरणीवाली नेस्ता कुजबुजली.

"काहीतरी आणलं असेल," तिचा नवरा म्हणाला. "हावोदशिवाय प्लगाइन झाली असं कधी ऐकलंयस?"

ज्या घराचं जे गाणं, त्याला कुमहेलिगमध्ये दुसरं घर हात लावत नाही. आणि एका पहाटे एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणत नाहीत. बाकीच्या खोऱ्यांत हा नेम शब्दांपुरता पाळतात. इथं चालीलाही लागू. म्हणून प्रत्येक घर एखाददुसरं गाणं जास्तीचं तयार ठेवतं. यातलं काही कुठं लिहिलेलं नाही. लहान मूल जसं चुलीला हात लावू नये हे शिकतं, तसं हे शिकायचं.

बाबा उठले. बाक करकरलं.

पुढं जाऊन तिघं अर्धगोल उभे राहिले. काटा वाजला. बाबांनी सूर दिला. चाल आत्याकडं होती, मेरेरिद वरून हलकेच तिच्याबरोबर जात होती, बाबा खाली. पहिलं कडवं पार पडलं. मेणबत्त्यांच्या उजेडात चेहरे तरंगत होते, आणि त्या चेहऱ्यांवर ती ज्याची वाट पाहत होती ते हळूहळू उमटत होतं. नेस्ताचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. पाद्रीनं डोळे मिटले होते.

दुसऱ्या कडव्यात तिची नजर तिदिरवर गेली.

तिदिर गात नव्हता. ओठ बंद होते. पण त्याचा गळा हलत होता. खाली, आणखी खाली, मग थांबून, मग एक पायरी वर. गाणाऱ्या माणसाचा गळा वाचायला मेरेरिदला कुणी शिकवायला नको होतं. तो खर्ज बाबांचा नव्हता. तिनं लिहिलेला नव्हता. पण तो आत्याच्या चालीखाली असा चपखल बसत होता, की तिनं लिहिलेला खर्ज उपरा वाटू लागला. आणि त्या खर्जाबरोबर, न बोलावता, वरचा आवाजही तिच्या कानात उभा राहिला. एद्रिदचा. हावोदचं ते गाणं, खोऱ्यातल्या प्रत्येकाला पाठ असलेलं. वर एद्रिद, खाली तिदिर. आणि मध्ये, फळात बी असावी तशी, तिची चाल.

तिची नव्हे. योरवर्थची.

लोकर कातरायच्या दिवसांत योरवर्थ त्यांच्याकडं मदतीला यायचा. दोन गुडघ्यांत मेंढी धरून, कात्री चालवत, तो कामाच्या लयीत गुणगुणायचा. मधल्या आवाजाचा माणूस एकटा असला तरी आपलाच आवाज म्हणतो. दुसरं त्याला येत कुठं असतं? कोपऱ्यात लोकरीच्या उबदार ढिगावर एक लहान पोर झोपलेली असायची. हावोदचं गाणं चर्चमध्ये साऱ्यांनी ऐकलं होतं. पण त्यातला मधला धागा एकटा, सुटा, तासन्‌तास ऐकला होता तो फक्त शेजारी कातरणाऱ्या बाबांनी आणि तिनं. तिनं तर झोपेत.

तिसरं कडवं तिनं कसं म्हटलं, तिला कळलं नाही. एद्रिदनं मधल्या मोकळ्या जागेवरून हात पुढं केला आणि तिदिरच्या गुडघ्यावर ठेवला. तिदिरचा गळा थांबला.

ते जागेवर परतले. पाळी हावोदची. तिनकोएदच्या, म्हणजे मेरेरिदच्या घराच्या, मागून हावोद, हे वर्षानुवर्षांचं.

बाक करकरलं नाही.

कुणीतरी खोकलं. मेणबत्तीचं मेण ओघळून बशीत पडलं. एद्रिद ताठ बसून समोर बघत होता, हात मांडीवर. लोकांनी हळूहळू माना खाली घातल्या. साऱ्यांच्या मनात योरवर्थ. साऱ्यांना वाटलं, दुःख. खरं कारण मेरेरिदला कळलं होतं. तिला आणखी एक माणूस माहीत होता ज्याला कळलं असेल, पण बाबांकडं बघायची तिची छाती झाली नाही.

शेवटी मागचं कुणीतरी उठलं आणि प्लगाइन पुढं सरकली. अखेरचं गाणं सगळे गायक पुरुष एकत्र पुढं येऊन म्हणतात. म्हणजे त्या पहाटे जे गायले ते. एद्रिद आणि तिदिर बसून राहिले. बाबा पुढं जाताना त्यांच्या बाकाजवळ क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

*

चर्चशेजारच्या खोलीत न्याहारी मांडली होती. चहा, डुकराचं थंड मांस, बिटाचं लोणचं, मनुक्यांच्या काळ्या पावाचे लोणी लावलेले काप. हावोदचे दोघं चहाला थांबले नव्हते. खिडकीतून त्यांच्या जीपचे लाल दिवे चढणीला लागलेले दिसले.

"काय गं ती चाल," नेस्तानं मेरेरिदचा हात धरला. "अगदी इथल्याच मातीतली. मी यांना म्हटलं, ही पोर कार्डिफला गेली खरी, पण खोरं काही तिच्यातून गेलं नाही."

"थँक्यू, नेस्ता."

"आणि बिचारा एद्रिद बघ. योरवर्थशिवाय उभं राहवेना त्याला. नाही का?"

मेरेरिदच्या तोंडात पावाचा घास होता. तो गिळायला जितका वेळ लागला तितका वेळ तिला होता. एद्रिद का उठला नाही, ते तिनंच सांगायला हवं होतं. घास गिळून झाला.

"हो ना," ती म्हणाली.

*

घरी आल्यावर बाबा तसेच गोठ्यात गेले. ती मागोमाग गेली. ते गव्हाणीत गवत टाकत होते, पाठ तिच्याकडं.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"बाबा."

त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं. "तिसऱ्या ओळीला कळलं. पहिल्यांदा म्हणून दाखवलीस तेव्हाच. योरवर्थ इथंच, या दाराशी बसून म्हणायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू विचारून घेतली असशील." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "वाटलं, हावोदला जाऊन आली असशील. एद्रिदनं हो म्हटलं असेल. न विचारता कोण घेतं, पोरी?"

"मला ठाऊकच नव्हतं ती त्याची आहे. देवाशपथ. मला वाटलं, माझीच."

बाबांनी तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "हे तर आणखीच कठीण."

"आता?"

"आता काय. मला ठाऊक, तुला ठाऊक, त्या दोघांना ठाऊक. चौघांपैकी कुणी बोलणारं नाही. एद्रिद तर मेला तरी बोलायचा नाही." त्यांनी दाताळं पुन्हा उचललं. "तेव्हा जे करशील ते तूच करशील."

*

दोन दिवसांनी ओसरीतला फोन वाजला. प्रॉसर होता. त्याला कार्यक्रमपत्रिकेसाठी दोन वाक्यं हवी होती. सोमवारी छपाईला जायचं होतं.

"मुख्य चाल कुठून सुचली, एवढंच सांग. लोकांना आवडतं ते."

"मिस्टर प्रॉसर, ती चाल माझी नसली तर?"

पलीकडून हसू आलं. "लोकगीतासारखी वाटतेय होय? मग उत्तमच. 'पारंपरिक चालीवर आधारित' असं छापू. पारंपरिक म्हणजे कुणाचीच नाही."

"कुणाची तरी आहे."

"छापलीय कुठं?"

"नाही."

"ज्याची आहे तो तक्रार करणार आहे?"

"तो वारला."

"मग तर प्रश्नच मिटला." तो थांबला. पुन्हा बोलला तेव्हा आवाज खाली आला होता. "हे बघ, मेरेरिद. तुझं बाकीचं लेखन नीट आहे. नेटकं आहे. पण नेटकं लिहिणाऱ्यांची रांग माझ्या दारात लागलेली असते. तुला निवडलं ते त्या चालीसाठी. ती काढलीस तर उरतं काय? नुसती साथ. सोमवारपर्यंत सांग."

फोन ठेवल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. नुसती साथ. आवाज स्वतःचा नाही. सगळे शेरे फिरून फिरून त्याच दारात येऊन उभे राहिले होते. आणि ते दार बंद करायला काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला या खोऱ्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आत्या ओले हात पुसत दाराशी आली. "काय म्हणतोय तुझा साहेब?"

"म्हणतो, मेलेल्या माणसाची तक्रार नसते."

"त्याला सांग, कुमहेलिगमध्ये येऊन राहा," आत्या म्हणाली. "इथं मेलेलेच जास्त तक्रार करतात."

*

हावोदची वाट गोठून काचेसारखी झाली होती. मेरेरिद कडेच्या गवतावरून चढत गेली. फाटकाशी तिदिर गवताचा भारा खांद्यावर घेऊन उभा होता. तिला बघून त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"कुत्र्याला घाबरू नकोस," तो म्हणाला. "तो फक्त ओळखीच्यांना चावतो."

स्वयंपाकघरात एद्रिद चुलीशी बसून बुटांना चरबी चोळत होता. वर हुकाला मांस टांगलेलं, खाली पातेल्यात मटणाचं पातळ कालवण रटरटत होतं. मेरेरिद उभ्या उभ्याच बोलली. सगळं. नळ, भांडी, लोकरीचा ढीग, कार्डिफ, रेडिओ. बोलता बोलता तिला जाणवलं की आपण सफाई देतोय, तेव्हा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मी तुमचं गाणं घेतलं, एद्रिदकाका. न विचारता."

एद्रिद बूट फिरवून टाच बघत होता.

"झोपेत चोरी करता येते का रे, तिदिर?"

"येते की. आपला कुत्रा करतो."

"बस," एद्रिद तिला म्हणाला. "उभं राहून माणसानं कालवणाच्या वाफेत बोलू नये. घसा जातो." त्यानं दुसरा बूट उचलला. "आम्ही एकच गाणं घेऊन आलो होतो. बाकीची मधल्या आवाजाशिवाय उभीच राहत नाहीत, बसकण मारतात. एवढं एकच असं, की मध्ये भोक पडलं तरी कसंबसं उभं राहतं. उन्हाळाभर तालीम केली. दोघं दोन टोकांना, आणि मध्ये तो भोकाचा कारभार. आता जमलं, म्हणालो. आणि मग तुझी आत्या पुढं येऊन नेमकं ते भोकच म्हणायला लागली."

तिदिरच्या खांद्यांतून हसू गेलं. आवाज नाही. मग त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

"इतरांना कळलंसुद्धा नसतं," मेरेरिद म्हणाली. "तुम्ही म्हणू शकला असता."

"आम्हाला कळलं होतं ना."

चुलीत लाकूड खचलं.

"मी त्यांना सांगेन," ती म्हणाली. "कार्डिफात. छापू, की चाल हावोदच्या योरवर्थची. नाव मोठ्ठं घालू."

"आणि मग? रेडिओवर वाजेल. सगळं खोरं ऐकेल. पुढच्या नाताळला आम्ही उभे राहिलो की लोक म्हणतील, बघा, हावोदचे मेरेरिदची चाल म्हणताहेत. तू किती जणांचे कान धरून सांगशील, उलटं आहे म्हणून?" एद्रिदनं बूट खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "हे बघ, पोरी. मी नाही म्हणत नाही. हवं तर ने. आम्ही दोघं आता किती पहाटे उभे राहणार? तुझं सगळं पुढं आहे. पण एकाच वेळी दोन घरी नाही नांदायचं ते. कुठं नांदवायचं ते ठरव."

"तुम्हीच सांगा."

"अं-हं. ते आमच्या गळ्यात नको घालूस. आमचे गळे आधीच गेलेत."

ती मान खाली घालून बसली. खाली फरशी होती, आणि फरशीवर तिच्या बुटांचा वितळलेला बर्फ. एद्रिद "नाही" म्हणाला असता तर तिला रडता आलं असतं.

"एकदा म्हणून तर बघू," तिदिर खिडकीशी म्हणाला.

"काय?"

"हे. आलीच आहे तर."

एद्रिदनं कोटाच्या खिशातून काटा काढला आणि चुलीच्या कडेवर आपटला.

मेरेरिद दोघांच्या मध्ये उभी राहिली. सूर मिळाला. आणि पहिल्या ओळीतच तिला कळलं, की ही चाल तिला येत नाही. सूर येत होते, सारेच्या सारे. पण तिनं ती नेहमी पुढं चालणाऱ्या माणसासारखी म्हटली होती. इथं पुढं एद्रिद होता. इथं तिला वाट द्यायची होती. कुणाला टेकू द्यायचा, कुणाखालून सरकायचं, कुठं दोघांच्या मधून अंग चोरून जायचं. कार्डिफात हॉर्न जिथं उंचावर जाऊन फुलायचा, तिथं इथं एद्रिदचा म्हातारा, चिरकलेला सूर उभा होता, आणि तिनं आवाज फुलवला असता तर तो पडला असता. ती खाली झाली. तो उभा राहिला. तिदिरनं दोघांना खालून उचललं.

शेवटच्या सुरानंतर पातेल्यातलं कालवण तेवढं रटरटत राहिलं.

एद्रिद चुलीकडं बघत होता. "तिसऱ्या ओळीत तू घाई केलीस," तो म्हणाला. आणि काही वेळानं, "तोही करायचा."

*

घरी येऊन तिनं बैठकीतल्या पियानोवर रचनेची पानं मांडली आणि जिथं जिथं ती चाल होती तिथं तिथं व्हायोलाचे आणि हॉर्नचे सूर खोडले. खोडून झाल्यावर जे उरलं ते वाजवून बघितलं.

प्रॉसर खोटं बोलला नव्हता. कितीतरी जागी नुसती साथच होती, हात पसरून उभी, कुणाची वाट बघत. ती पानं तिनं बाजूला काढली. काढता काढता रचना अर्ध्यावर आली. पण मध्यावर एक जागा अशी होती, जिथं वर बासरी आणि खाली चेलो एकमेकांकडं येत होते आणि न भेटता थांबत होते. मध्ये काहीच नव्हतं. त्या काहीच नसण्याला कड होती. तिनं ती जागा पुन्हा वाजवली. हे कुणाकडून आलं, याचा तिनं कसून शोध घेतला. बाबांकडून, चर्चमधून, लोकरीच्या ढिगावरून. कुठूनच येईना. ती पुन्हा तपासत राहिली, हरवलेल्या मेंढीसाठी कळप पुन्हा मोजणाऱ्यासारखी, विश्वास न ठेवता.

आत्यानं दारातून डोकावलं. "हे काय वाजवतेस? मधलंच विसरलीस की."

"विसरले नाही, आत्या. काढलंय."

"मग पुन्हा वाजव," आत्या म्हणाली, आणि आत येऊन बसली.

सोमवारी सकाळी मेरेरिदनं फोन लावला. प्रॉसरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "चाल नाही? कुठंच नाही?"

"नाही."

"किती राहिली?"

"अर्धी."

त्याचा उसासा तारेतून आला. "मैफिलीच्या शेवटाचा मान आता देता येणार नाही. अगदी सुरुवातीला ठेवतो, लोक जागेवर बसत असताना. रेडिओ त्यानंतर सुरू होतो. ऐकतेस ना? रेडिओवर नाही जाणार."

"ऐकतेय."

"मला वाटलं होतं, तू पुढं जाशील," तो म्हणाला. वाईट वाटून म्हणाला, म्हणूनच ते जास्त लागलं.

*

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी शेजारच्या खोऱ्यात, लानएथिनला, संध्याकाळची प्लगाइन होती. एका चर्चमागून दुसरं चर्च, महिनाभर असं चालतं. मेरेरिद बाबांशेजारी बसली होती. हावोदला तिनं बाबांकरवी निरोप धाडला होता, की गाणं तुमच्याच घरी राहील. एद्रिदनं त्यावर मान हलवली म्हणे. बाकी काही नाही. ये म्हणाला नव्हता, येऊ नको म्हणाला नव्हता. हावोदच्या गाण्यात हावोदबाहेरचं माणूस कधी उभं राहिलं नव्हतं. बाई तर नाहीच.

दोघं पुढच्या बाकावर होते, मध्ये ती जागा सोडून.

एक घर गायलं. दुसरं गायलं. मग पुढं बाक करकरलं आणि दोघं भाऊ उठले. सारं चर्च स्तब्ध झालं. कुमहेलिगला ते बसून राहिले होते, ही बातमी इथवर आली होती. ते मेणबत्त्यांशी जाऊन वळले. खांद्याला खांदा लावून नाही. मध्ये अंतर ठेवून.

एद्रिदनं काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला.

सूर दिला नाही.

काट्याची गुणगुण हवेत पातळ होत गेली, विरली. लोक वाट बघत होते. तिदिर जमिनीकडं बघत होता. एद्रिद समोर, कुणाकडंच नाही. त्यानं काटा पुन्हा आपटला. पुन्हा कानाशी नेला. पुन्हा ती बारीक गुणगुण, आणि पुन्हा काही नाही. मागं कुणीतरी हळहळलं, "गेलं बाई त्याचं."

मेरेरिद एद्रिदकडं बघत राहिली. तो विसरलाय? की माझ्यासाठी थांबलाय? चुकून उठले तर? साऱ्यांसमोर, हावोदच्या जागेत, न बोलावता?

बाबांचं कोपर तिच्या बरगडीत आलं.

"पोरी," ते ओठ न हलवता म्हणाले, "बाक करकरव."

ती उठली. बाक करकरलं, आणि तो आवाज तिला छपरापर्यंत गेल्यासारखा वाटला. दोन्ही बाजूंच्या माना वळल्या. ती चालत गेली. वाट संपता संपेना. मेणबत्त्यांपाशी पोचून ती दोघांच्या मध्ये वळून उभी राहिली. एद्रिदनं तिच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्यांदा काटा आपटला, आणि सूर दिला. आधी तिला, मग तिदिरला.

तिनं वाट दिली. एद्रिद पुढं झाला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीशी येताना ती, ठरवलं नसताना, किंचित घाईत गेली. आणि दोन्ही बाजूंचे आवाज, जुनी सवय असल्यासारखे, तिच्याबरोबर घाईत गेले.